दोन हौद, एक पाऊस

१

मावशींची आरोळी ऐकू आली तेव्हा मी दात घासत होतो. घासणं अर्धवट सोडू नका, असं मी रोज पेशंटना बजावतो. त्या सकाळी मात्र तोंडात फेस आणि हातात ब्रश घेऊन मी अंगणात पळत सुटलो.

मावशींचं मत्स्यबीज केंद्र म्हणजे डोंगराच्या पायथ्याशी, घराला लागून बांधलेले दोन उघडे सिमेंटचे हौद. त्यांत त्या माशांची बोटुकली वाढवतात, म्हणजे बोटाएवढी पिल्लं. ती धष्टपुष्ट झाली की लोक आपापल्या तळ्यांत सोडायला घेऊन जातात. वरच्या हौदाच्या काठावर मावशी उभ्या होत्या आणि हौदात पिल्लं पोट वर करून तरंगत होती. एकही हलत नव्हतं.

"मारली! माझी लेकरं मारली मेल्यांनी!"

"कुणी?" मी विचारलं. फेसामुळे ते नीट उमटलं नसावं, पण मावशींना प्रश्नाची गरजच नव्हती.

"त्या तांब्याच्या भट्टीनं, आणखी कुणी! रात्री पाऊस पडला, सकाळी पिल्लं मेली. पावसात हे आंबट विष कुठल्या धुराड्यातून उतरतं, ते काय मला कुणी शिकवायला हवं? आणि त्याच भट्टीतला इंजिनियर माझा जावई होणार? अजिबात नाही! लग्न मोडलं. तंबूवाल्याला सांगा, खुंट्या उपस म्हणावं!"

लग्न परवावर आलं होतं. स्वयंपाकघराच्या दारात नवरी उभी होती. तिच्या हातातली कपबशी खाली पडून फुटली. तिच्या मागून माझी ताई बाहेर आली, नेहमीसारखी गोळी चघळत.

ताई देशाच्या पाऊस-प्रयोगशाळेची प्रमुख आहे. आपल्या पावसात जे आम्ल उतरतं त्यातलं किती आपल्याच धुराड्यांचं आणि किती सरहद्दीपलीकडून वाऱ्यावर बसून येतं, हे शोधणं तिचं काम. दोन्ही देशांची माणसं वर्षानुवर्षं या विषयावर बैठका घेतात, एकमेकांकडे बोट दाखवतात आणि जेवून घरी जातात. या खोऱ्यातलं पाऊस-केंद्र नवरी सांभाळते, म्हणून ताईला लग्नाचं आमंत्रण होतं. मला आमंत्रण होतं कारण ताईला घाटात गाडी चालवायला आवडत नाही.

"मावशी," ताई म्हणाली, "खुंट्या उद्या दुपारपर्यंत राहू द्या. तोवर मी खुनी शोधून देते. तुमचा जावई निघाला, तर पहिली खुंटी मी माझ्या हातानं उपसते."

मावशींनी तिला नखशिखांत न्याहाळलं. "उद्या दुपारपर्यंत," त्या म्हणाल्या. "त्यानंतर एक मिनिटही नाही."

२

नवरी डोंगरावरच्या केंद्रातून रात्रीच्या पावसाची बाटली घेऊन आली. ताईनं ती सर्वांसमोर तपासली. पाणी किती आंबट, हे सांगणारा एक आकडा असतो, सामू म्हणतात त्याला. तो जितका खाली, तितकं पाणी आंबट.

"हा पाऊस काही वाईट नाही," ताई म्हणाली. "वाराही रात्री तिसऱ्याच दिशेचा होता. ना भट्टीकडून, ना सरहद्दीकडून. या पाण्यानं पिल्लू मरायचं नाही."

मावशींनी लेकीकडे वळून बघितलं. "बाटली कुणाच्या ताब्यात होती रात्रभर?"

"माझ्या, आई."

"म्हणजे होणाऱ्या नवऱ्याला वाचवायला तूच पाणी बदललंस."

नवरीचा चेहरा पांढराफटक पडला. मला मावशींचा इतका राग आला की मी काहीतरी बोलणारच होतो. पण ताईनं माझा दंड दाबला आणि हौदांकडे गेली. वरच्या हौदातलं एक मेलेलं पिल्लू तिनं उचललं, त्याचे कल्ले उघडून बघितले आणि मला दाखवले. लालबुंद असायला हवे होते, त्यांच्यावर पांढुरका चिकट थर साचला होता.

"दातांवर असा थर घेऊन कुणी आलं तर?"

"आधी ओरडतो, मग खरवडतो," मी म्हणालो.

मग ती खालच्या हौदापाशी गेली. तिथली पिल्लं चांगली मजेत होती, आमची सावली पडताच खाऊच्या आशेनं एका कोपऱ्यात गोळा झाली.

"मावशी, हे दोन्ही हौद उघडे. रात्रीचा पाऊस काय एकाच हौदावर पडला?"

मावशींनी दोन्ही हौदांकडे आळीपाळीनं बघितलं. माझी तर ट्यूबच पेटली. इतका वेळ जिवंत हौद सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता आणि मेलेल्या हौदापुढे कुणी त्याच्याकडे पाहिलंच नव्हतं.

"वरच्या हौदात पाणी कुठून येतं?"

"ओढ्याचं. डोंगरावरून. पाटानं येतं. खालच्यात विहिरीचं सोडते."

"मग मारेकरी वरून पडला नाही. पाटानं चालत आला."

मावशींचे डोळे चमकले. मला वाटलं आता त्या लेकीला जवळ घेतील. छे!

"म्हणजे पाटात कुणीतरी ओतलं! त्या भट्टीत आम्लाच्या टाक्याच्या टाक्या भरलेल्या असतात. आणि काल संध्याकाळी जावईबापू पाटापाशी एकटेच घुटमळत होते. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय!"

३

इंजिनियर देखणा, लाजाळू मुलगा होता आणि त्याचे दात उत्तम होते. असे दात असलेला माणूस खुनी असू शकत नाही, असं मी ताईला म्हटलं. तिनं ते पुरावा म्हणून स्वीकारलं नाही.

"पाटापाशी काय करत होतास?"

त्याचे कान लाल झाले. "सांगायलाच हवं?"

"नाहीतर लग्नाला मुकशील."

"नाचत होतो," तो पुटपुटला. "हिनं अट घातली आहे की लग्नात दोघांनी नाचायचं. मला जमत नाही. घरी भाऊ हसतात. म्हणून पाटावरच्या फळीवर सराव करत होतो."

"करून दाखव," ताई म्हणाली.

त्यानं दाखवलं. ते पाहून तो खरं बोलतोय याबद्दल कुणाच्याच मनात शंका उरली नाही. असा नाच खोटा रचता येत नाही. दाराआडून नवरीच्या हसण्याचा आवाज आला, सकाळपासून पहिल्यांदाच.

"फळीवर नाचताना आणखी कुणी दिसलं?"

"मामा दिसले. ढकलगाडी नेत होते, वर पोतं झाकलेलं. मी हाक मारली तर त्यांनी ऐकलं नाही."

मामा म्हणजे मावशींचे धाकटे भाऊ. त्यांना भाचीसाठी आपल्या मित्राचा मुलगा हवा होता, हे सगळ्या घराला ठाऊक होतं. पण ताईनं आधी दुसऱ्याच माणसाचं दार वाजवलं. पाहुण्यांच्या खोलीत सरहद्दीपलीकडचे एक शास्त्रज्ञ उतरले होते, ताईबरोबरच्या बैठकीला आलेले आणि लग्नापुरते थांबलेले. आपली भाषा ते पुस्तकांतून शिकले आहेत, त्यामुळे चहा मागतानाही भाषणाला उभं राहिल्यासारखे बोलतात.

"आपल्या बुटांचे ठसे पाटापाशी आहेत," ताई म्हणाली.

"निःसंशय. मी ओढ्याचे तापमान मोजण्यास गेलो होतो. रात्र विलक्षण उबदार होती. प्रवाह दुपटीने वाढला होता."

"तुमच्या कोळशाच्या वीजकेंद्रांचा धूर इकडे येतो, त्याबद्दल काय म्हणता?"

"तो अभ्यासाचा विषय आहे. अभ्यास सुरू आहे."

"किती वर्षं?"

"तोही अभ्यासाचा विषय आहे," ते म्हणाले, आणि मला शपथेवर सांगावंसं वाटतं की ते गालातल्या गालात हसले.

४

मामांनी कानावर हात ठेवले. "ढकलगाडी? कसली ढकलगाडी? मी तर काल दिवसभर घरात होतो."

ढकलगाडी त्यांच्या पाठीमागेच भिंतीला टेकवून ठेवलेली होती, चाकाला चिखल लागलेली. ताईनं तिच्याकडे बघितलं, मामांनी आभाळाकडे बघितलं.

"तुम्हाला हे लग्न नको होतं ना?"

"नको म्हणजे... मुलगा वाईट नाही. पण माझ्या मित्राचा मुलगाही वाईट नव्हता." त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. "मला काही विचारू नका. विचारायचं तर ताईला विचारा." त्यांची ताई म्हणजे मावशी.

मला उकडत होतं. मी लिंबाचा रस पिळून पाणी केलं होतं, अर्थातच साखर न घालता. ते घेऊन तंबूकडे निघालो. फाटकापासून तंबूपर्यंत पाहुण्यांसाठी पांढऱ्या खड्यांची वाट घातली होती. उन्हात ती इतकी लखलखत होती की माझे डोळे दिपले, पाय सटकला आणि पेलाभर लिंबूपाणी वाटेवर सांडलं.

"अरे देवा, डाग पडेल!" मावशी धावत आल्या. त्या संकटातही वाटेची काळजी त्यांना होतीच. "हे दगड दूरच्या खाणीतून मुद्दाम मागवलेत. विहीणबाईंनाही तसं कळवलंय. त्यांच्याकडच्या लग्नात नुसती वाळू होती."

मी खाली वाकून बघत होतो. सांडलेल्या जागी खड्यांवर बारीक बुडबुडे येत होते, मंद चुरचुर करत. दातांचा डॉक्टर असल्यामुळे मला त्यात नवल वाटलं नाही. आंबट पेयं दातांचं असंच नुकसान करतात, हे मी दिवसातून अनेकदा सांगतो. मी तेच मावशींना सांगायला लागलो, पण त्या ऐकत नव्हत्या.

ताई मात्र ऐकत होती. तिनं तोंडातली गोळी चघळायची थांबवली. तिला ओळखणाऱ्यांना याचा अर्थ कळतो.

"बूट घाल," ती मला म्हणाली. "डोंगरावर जायचंय. त्या पलीकडच्या साहेबांनाही घे आणि एक फावडं घे."

"फावडं? कशाला?"

"खुनी वर पुरलेला आहे."

५

डोंगराच्या माथ्याशी, ऊन न पोचणाऱ्या एका घळीत हिवाळ्याचं बर्फ अजून शिल्लक होतं. बाकीच्या उतारावरचं कालच्या उबदार पावसानं वितळून ओढ्याला गेलं होतं. खोदायचं काम माझ्याकडे आलं. भाऊ असण्याचा तोटा एवढाच की बहिणीला नाही म्हणता येत नाही.

मी खणलेल्या खड्ड्याच्या भिंतीत बर्फाचे थर सरळ दिसत होते. आधी पडलेलं खाली, नंतरचं वर. ताईनं आणि पलीकडच्या साहेबांनी प्रत्येक थराचा तुकडा वेगळ्या डबीत भरला. सुरुवातीला दोघं एकमेकांशी बैठकीतल्यासारखं बोलत होते. मग साहेबांचा पाय घसरला, ते खड्ड्यात माझ्यावर येऊन पडले आणि तिघंही हसायला लागलो. त्यानंतर ते बरेच माणसासारखे बोलू लागले.

"हिवाळ्याच्या सुरुवातीला तुमची भट्टी बंद होती काय?" त्यांनी विचारलं.

"आतलं अस्तर बदलत होते. धुराड्यातून धूर नव्हता," ताई म्हणाली. "म्हणजे तळाचा थर त्या काळातला. आपल्या भट्टीच्या धुराबरोबर आर्सेनिक येतं, तांब्याच्या खनिजातलं. कोळशाच्या धुरात ते नावाला. तळाचा थर आंबट असून त्यात आर्सेनिक नसलं, तर..."

"तर तो आमचा," साहेब हळूच म्हणाले.

आता आर्सेनिक मोजायचं यंत्र हवं. ते खोऱ्यात एकाच ठिकाणी होतं, भट्टीच्या प्रयोगशाळेत. आणि ते चालवता येणारा माणूस एकच, तो इंजिनियर.

"ताई, त्याच्याच हातात त्याचा गळफास देतेस?" मी विचारलं.

"हो," ती म्हणाली. "मुलगा कसा आहे तेही कळेल."

इंजिनियरनं डब्या घेतल्या आणि तो भट्टीकडे निघाला. आम्ही खाली घरी परतलो. दुसऱ्या दिवशीची दुपार झाली, पाहुणे यायला लागले, आणि त्याचा पत्ता नव्हता. मावशी तंबूच्या पहिल्या खुंटीशेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

६

तो आला तेव्हा घामाघूम झाला होता. सोबत त्याचे काका होते, भट्टीचे व्यवस्थापक, आणि काकांचा चेहरा दुखऱ्या दाढेच्या पेशंटसारखा होता.

"तळाचा थर आंबट आहे आणि त्यात आर्सेनिक नाही," इंजिनियर सगळ्यांसमोर म्हणाला. "वरचे थर त्याहून आंबट आहेत आणि त्यांत आर्सेनिक आहे. भरपूर. ते आमचंच. यंत्र पुन्हा लावून बघितलं, म्हणून उशीर झाला."

"निदान लग्न लागल्यावर सांगायचंस!" काका कळवळले.

"बघा!" मावशींनी खुंटीला हात घातला. "कबूल केलं!"

"थांबा," ताई म्हणाली. "माझं अजून संपलेलं नाही." ती तंबूच्या मधोमध उभी राहिली. "हिवाळाभर दोन्हीकडचं आम्ल बर्फात साठत गेलं. आधी पलीकडचं, मग दोघांचं. बर्फ वितळायला लागलं की अगदी पहिल्या पाण्यात ते बहुतेक सगळं उतरतं. परवाची उबदार रात्र तेवढ्याला पुरली. ते पाणी वाटेत मातीतलं ॲल्युमिनियम सोडवून आणतं, ते कल्ल्यांवर चिकटतं आणि पिल्लू गुदमरतं. तो पांढुरका थर तोच. तेव्हा रात्रीचा पाऊस निर्दोष आणि नवरीची बाटलीही निर्दोष."

नवरीनं श्वास सोडला.

"पण मावशी, बर्फ दरवर्षी वितळतं. धूर काही आजचा नाही. मग पिल्लं याआधी कधी का मेली नाहीत?"

मावशी विचारात पडल्या. "नाही मेली खरी," त्या म्हणाल्या.

"कारण वाटेत पहारेकरी होता. पाटाच्या तळाशी तुमच्या सासऱ्यांनी चुनखडीचे खडे पसरले होते. आंबट पाणी चुनखडीवरून गेलं की त्याचा आंबटपणा मरतो आणि ॲल्युमिनियम तिथंच खाली बसतं. काल माझ्या भावानं वाटेवर लिंबूपाणी सांडलं आणि दगड फसफसले. मग मी पाट बघितला. तळ मोकळा आहे. मामा, त्या पोत्याखाली काय होतं?"

मामा बहिणीकडे केविलवाणे बघत राहिले. "मला शपथ घातलेली आहे."

सगळ्यांच्या नजरा लखलखीत पांढऱ्या वाटेवर गेल्या आणि तिथून हळूहळू मावशींवर.

मावशी खुंटीपासून दूर झाल्या. मला वाटलं, आता त्या कुणावर तरी उखडतील. मामांवर, ताईवर, कदाचित माझ्या लिंबूपाण्यावर.

"खाणीतून काही मागवलं नव्हतं," त्या म्हणाल्या. आवाज बारीक होता, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. "विहीणबाईंसमोर तोरा मिरवायचा होता. मीच याला म्हटलं, पाटातले दगड घासून आण, कुणाला सांगू नको. मला वाटायचं ते नुसते कचरा अडवायला आहेत. त्याला मी नवी जाळी बसवलीच होती." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "धूर कुणाचा ते तुम्ही बघा. पण दार मी उघडलं. हा माझा वाटा, आणि तो मी घेते. आता तुम्ही तुमचे घ्या."

पलीकडचे साहेब उभे राहिले. त्यांनी घसा साफ केला. मी "अभ्यास सुरू आहे" ऐकायच्या तयारीत होतो.

"आमचा वाटा निम्म्याहून अधिक आहे," ते म्हणाले. "पुढील बैठकीत मी हे उभे राहून सांगेन. हे बर्फ, हे थर मी स्वतः पाहिले आहेत."

"निम्म्याहून अधिक कसा?" काका ताडकन उठले. "वरचे थर जास्त आंबट, आणि ते आमचे आहेत! निम्मा तरी आमचा धरा!"

"क्षमा असावी, वरच्या थरांतही आमचा अंश आहे."

"अहो, पण आर्सेनिक बघा की!"

ताई खुर्चीत कोसळून डोळ्यांत पाणी येईतो हसत होती. इतक्या बैठका केल्या तिनं, पण वाटा आपल्याकडे ओढण्यासाठी भांडणारी माणसं तिला पहिल्यांदाच भेटत होती. शेवटी तिनंच मध्ये पडून ठरवलं: पाचातले तीन पलीकडचे, दोन आपले, आणि धुराड्यांना गाळणी दोघांनीही बसवायची. काकांनी आणि साहेबांनी तिथंच हात मिळवले.

एव्हाना वाट उचलायला सुरुवात झाली होती. नटूनथटून आलेले पाहुणे रांग करून खडे हातोहात पाटाकडे पोचवत होते, मामा ढकलगाडी पळवत होते आणि विहीणबाईंनी हसत हसत बाह्या वर केल्या होत्या. इंजिनियर गुडघाभर थंडगार पाण्यात उतरून दगड नीट बसवत होता.

मावशी पाटाच्या काठावर जाऊन उभ्या राहिल्या. आधी त्यांनी लेकीचा हात धरला आणि तिच्या कानात काहीतरी सांगितलं. काय ते कुणाला कळलं नाही, पण लेक आईच्या गळ्यात पडून रडली आणि लगेच हसली. मग मावशी पाण्याकडे वळल्या.

"मी तुला खुनी म्हणाले," त्या इंजिनियरला म्हणाल्या.

त्यानं ओले हात पँटला पुसले. "ते जाऊ द्या. आता तुम्हाला मावशी म्हणू की आई, तेवढंच सांगा."

मावशींनी वाकून त्याला हात दिला.

"आई म्हण," त्या म्हणाल्या. "आणि आधी पाण्यातून बाहेर ये, बाळा. लग्नात शिंकत बसशील."